दोन माणसांची गाडी

"बंद करा," गुणवंतराव म्हणाले, आणि मनसारामने ऐकू न आल्यासारखं केलं. इंजिनाच्या आवाजात तेवढं खपून गेलं असतं. पण जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत गुणवंतरावांची हयात गेलेली. बहिऱ्याचं सोंग त्यांना नवीन नव्हतं. ते खिडकीपाशी आले आणि सावकाश म्हणाले, "गाडी बंद करा, मनसारामभाऊ. गरम इंजिन तं कोनाचंही गोडच बोलते. थंडी होऊ द्या. मंग चालू करून दाखवा, मंग मी भाव सांगतो. आपल्या इथचा रिवाजच हाये तो." यात गैर काहीच नव्हतं. मनसाराम स्वतः कल्ला उघडून पाहिल्याशिवाय कुणाचा मासा घेत नसे. तरी त्याचा हात किल्लीवरच राहिला. चांद्याच्या जटपुरा गेटाबाहेरचं ते आवार खळ्यासारखं सपाट होतं. आत शिरतानाच त्याने चारी बाजूंना नजर टाकली होती आणि गाडी आपणहून हातभर पुढे जाईल एवढाही उतार त्याला कुठे दिसला नव्हता. गुणवंतराव वाट पाहत उभे होते. त्याने किल्ली फिरवली. इंजिनाने एक आचका दिला आणि ते थांबलं. पत्र्याच्या शेडखाली कुणीतरी पान्याने नट आवळत होतं, तो आवाज एकदम जवळ आला. मेलो, आता अडकलो, असं मनसाराम मनाशी म्हणाला आणि खाली उतरला.

भादव्यापासून तो उतारांवर जगत होता. हे कुणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते. गावच्या तलावाच्या पाळीवर तो रोज संध्याकाळी गाडी चढवून ठेवी, चाकांना दगड लावी, आणि सकाळी दगड काढून गाडी खाली सोडून देई. अर्ध्या पाळीवर गिअर टाकला की इंजिन खोकत खोकत जागं होई. मग दिवसभर ते बंद करायचं नाही. वाटेवरच्या मूल गावात हॉटेलापुढे चहा प्यायचा तो गाडी चालू ठेवूनच. हॉटेलवाला धुरावर वैतागे, पेट्रोल जळताना पाहून मनसारामचं काळीज तुटे, पण इलाज नव्हता. रस्त्याकडे पाहायची त्याची नजरच बदलली होती. कुठे देऊळ आहे, कुठे ओळखीचं घर आहे, हे आता दिसतच नसे. कुठे चढ आहे आणि त्याच्या पलीकडे उतार किती, एवढंच दिसे. आणि मागच्या महिन्यात व्याहाडच्या घाटावर, वैनगंगेच्या ऐन वाळूत, इंजिन बंद पडलं. लोकांनी ढकललं, पण वाळूत गाडी ढकलून कुणाची चालू झाली आहे? ज्याला त्याला त्याने आत बसवून पाहिलं आणि हँडल मारून मारून खांदे उतरवून घेतले. ऊन चढलं तसे टोपल्यांतले मासे वास मारू लागले. शेवटी टोपलं टोपलं करून त्याने ते नदीत ओतून दिले. नदीतून काढलेलं नदीत. त्या दिवशी त्याने ठरवलं की ही गाडी द्यायची आणि एकट्या माणसाला चालू करता येईल अशी घ्यायची. तशी एक गुणवंतरावांच्या शेडमध्ये उभी होती, हिरवी, फार जुनी नसलेली. बटण दाबलं की चालू. पदरची रक्कम आणि या गाडीचा खरा भाव, एवढं मिळून ती जमत होती. खरा भाव म्हणजे खैरात नको, पण भंगाराचाही नको. तो मिळाला नाही तर मासळीचा धंदा संपला, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

सुकलू मिस्त्रीने बाकावर चहा आणून ठेवला. किडकिडीत, बोलका माणूस. डोक्यावर तेलकट टोपी. "गाडी तं मस्त ठेवली जी तुमी," तो म्हणाला. "फक्त मासोईचा वास मारून राह्यली." "ढिवराची गाडी हाये, गुलाबाचा वास कुठून येनार?" मनसाराम म्हणाला. सुकलू खो खो हसला. गुणवंतराव हसले नाहीत. ते गाडीभोवती फिरत होते, टायरला टाचेने ठोसत होते, स्प्रिंगखाली वाकून पाहत होते, आणि मनसाराम चहा पिता पिता त्यांच्या पाठीवर नजर ठेवून होता. लोकांनी आपल्या घरात शिरून भांडीकुंडी उचलून पाहावी तसं त्याला होत होतं. आता त्यांनी ड्रायव्हरकडचं दार उघडलं. आत वाकून पाहिलं. पॅडलवर हात फिरवला. त्या पॅडलची एक कड घासून गुळगुळीत झाली होती. बुटांनी लोखंड घासलं की ते काळपट पडतं; हे तसं नव्हतं, हे अनवाणी पायाने घासलेलं होतं. गुणवंतरावांना त्यातलं काय कळणार? त्यांनी हात रुमालाला पुसला आणि दार लावलं.

ही गाडीच दोन माणसांची होती. लढाई संपल्यावर कामठीला लष्कराच्या मोटारींचे लिलाव झाले त्यात ती निघाली आणि आणखी एक मालक करून मनसारामच्या दारात आली. ढिवराच्या दारात मोटार म्हणून गाव लोटलं होतं. बटण दाबून इंजिन चालू करायचा सेल्फ तेव्हाच गेलेला. बसवून घ्यावा तर आतल्या दातेरी चाकाचे दात झिजलेले, आणि तो तुकडा चांद्यात काय, नागपुरातही मिळेना. राहिलं हँडल. समोर वाकून एकाने हँडल मारायचं आणि त्याच वेळी आत बसून दुसऱ्याने चोक ओढायचा, पायाने रेस द्यायची. एकटा माणूस हँडल मारून धावत आत येईस्तोवर इंजिन मरून जाई. पहिले काही दिवस गावात जो सापडेल त्याला त्याने आत बसवलं. कुणी घाबरून पायच ठेवीना, कुणी इतका दाबी की पेट्रोलचा वास सुटून सगळा कारभार ओला होई. मनसारामच्या तोंडच्या शिव्या अख्खी आळी ऐके. एका सकाळी त्याची बायको भागीरथा टोपलं कमरेवर घेऊन उभी होती. चांद्याच्या बाजाराला तिलाही जायचं होतं, आणि ती खोळंबली होती. "मी बसू का जी?" ती म्हणाली. "बस," तो म्हणाला, "तूच राह्यली होती." तिने टोपलं खाली ठेवलं, लुगडं सावरून वर चढली, जोडवी घातलेला पाय पॅडलवर ठेवला. दुसऱ्या फेऱ्याला इंजिन लागलं. तो वाकलेलाच राहिला. काचेआड ती मोठ्याने हसत होती, आवाज ऐकू येत नव्हता, नुसते दात दिसत होते.

मग ती जागा तिचीच झाली. सकाळी ती आधी चढे, इंजिन लागलं की डावीकडे सरके, आणि मनसाराम हँडल मागे टाकून आत येई. सरकताना ती दर वेळी म्हणे, "या, बसा, तुमचीच गाडी हाये." किती वर्षं हे ऐकलं, आणि एकदाही त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं. तिला हसू मात्र रोज येई. हँडल मारून मारून घामाघूम व्हावं, वर पाहावं, तर ही काचेआड हसते आहे. "काऊन दात काढून राह्यली?" तो खेकसे. "काई नाई जी," ती म्हणे. कशाला हसत होती ते तिने कधी सांगितलं नाही. बाजारात ती मासे विकायला बसे, आणि तिथे तिच्यासारखी भांडकुदळ बाई नव्हती. एका कोळंबीच्या वाट्यावरून तिने वकिलाच्या बायकोला रडवलं होतं. परतताना तिला झोप लागे. डोकं त्याच्या खांद्यावर पडे आणि गिअर टाकायचा हात अवघडून जाई. तो हात अवघडलेलाच ठेवून सावली गावापर्यंत गाडी चालवी. आता गिअर कसा मोकळा टाकता येत होता! एवढ्या मोकळ्या हाताचं काय करायचं ते त्याला समजत नव्हतं.

गुणवंतराव बाकावर येऊन बसले. त्यांचे वडील राजुऱ्याकडचे बैलांचे दलाल. बैल गेले आणि मोटारी आल्या तरी मुलाने भाव करायची पद्धत बदलली नव्हती. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, मनसारामच्या हातावर टाकलं आणि त्याखाली आपला हात घातला. चार लोकांत भाव बोलायचा नाही. कापडाखाली बोटांनी सांगायचा. मूठ धरली की हजार, मग एकेक बोट दाबलं की शंभर. मनसारामने बैल घेताना हे केलं होतं, पण फार वर्षांपूर्वी. गुणवंतरावांनी त्याची मूठ धरली. ऊबदार, मऊ, जाडसर हात. मग एक बोट दाबलं, दुसरं, तिसरं. तिसऱ्याशी थांबले. "थंडी असताना लागली तं हां," ते म्हणाले. मनसारामला पाचही बोटं हवी होती. तेवढ्याच आशेवर तो एवढा रस्ता तुडवून आला होता. त्याने मान हलवून नाही म्हणायला हवं होतं आणि हात काढून घ्यायला हवा होता. त्याला हात काढवेना. भादव्यापासून त्याचा हात कुणी असा धरला नव्हता. लोक आले, बसले, पाठीवरून हात फिरवून गेले, पण हात हातात कुणी घेतला नाही. पुरुषाचा कोण घेतो? इथे एक परका व्यापारी भावासाठी त्याची बोटं धरून बसला होता आणि मनसारामच्या डोळ्यांत पाणी येऊ पाहत होतं. तो उपरण्याकडे पाहत राहिला. त्याची ती गप्प बसण्याची रीत गुणवंतरावांना पक्क्या सौदागराची वाटली असावी, कारण थोड्या वेळाने त्यांनी आपणहून चौथं बोट दाबलं. "तुमी तं लय कडक मानूस दिसता," ते म्हणाले.

ऊन शेडच्या पत्र्यावर चढलं होतं, पण मार्गशीर्षाचा गारवा अजून गेला नव्हता. बॉनेटला हात लावून पाहायचं आणि मान हलवायची असं सुकलू मधून मधून करत होता. तसाच हात मनसारामने भागीरथाच्या कपाळाला लावून पाहिला होता. पोळा झाला आणि तिला ताप भरला. आधी काढे झाले, मग गडचिरोलीहून कंपाउंडर आला, सुई देऊन गेला आणि म्हणाला, चांद्याला न्या, उशीर नका करू. नाही केला उशीर. त्याच घडीला त्याने पेट्रोल भरलं, मागे गवत पसरलं, घोंगडी घातली. तिची मोठी बहीण देवकाबाई आत पॅडलवर बसली आणि त्याने हँडल मारायला घेतलं. लागलं नाही. देवकाबाई उतरली, शेजारचा गोविंदा बसला. लागलं नाही. घरातून भागीरथा हे सगळं ऐकत होती. ती क्षीण आवाजात म्हणाली, "मले उचलून बसवा ना." देवकाबाई रडायला लागली. त्याने भागीरथाला उचललं. तिला वजनच नव्हतं, अंग नुसतं भाजत होतं. तिला चाकामागे बसवलं, देवकाबाईने बाहेरून तिची पाठ धरून ठेवली, आणि तो समोर जाऊन वाकला. एक फेरा. इंजिन लागलं. स्वतःला दवाखान्यात न्यायची गाडी तिने स्वतः चालू केली. मग ती रोजच्यासारखी डावीकडे सरकू लागली, पण अर्ध्यातच थांबली, आणि उरलेलं त्याने सरकवलं. मागचं गवत तसंच राहिलं. त्या दिवशी ती "या, बसा" म्हणाली नाही.

घाटावर आले तर वैनगंगा दोन्ही थड्या भरून चाललेली. दोन डोंगे जोडून त्यांवर फळ्या टाकून गाडी पलीकडे नेत, ते डोंगे वर ओढून झाडाला बांधलेले. डोंगेवाले त्याच्याच भाऊबंदांतले. त्यांतल्या म्हाताऱ्या नानाजीने पाण्याकडे पाहिलं, भागीरथाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "उतरू दे जरा," तो म्हणाला. मनसाराम ढिवराचाच पोर. तो पाण्याशी भांडला नाही. असलं पाणी ऐकत नसतं, हे त्याला त्यांच्याइतकंच माहीत होतं. थांबायचं ठरलं. गाडी त्याने बंद केली नाही. बंद केली तर पुन्हा चालू करायला तिलाच उठवावं लागणार. तिला झोप लागली होती, झोपू दे. म्हणून इंजिन घुरघुरत ठेवलं आणि तो तिच्याशेजारी बसून राहिला. तिचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं. इंजिनाने सगळी गाडी थरथरत होती, ती थरथरत होती, तोही थरथरत होता. तिचा श्वास ऐकू येत नव्हता. त्या आवाजात कसा येणार? पाणी हातभर उतरलं तेव्हा नानाजी खिडकीशी आला. त्याने आत पाहिलं. त्याने डोक्याचा शेला काढला तेव्हा मनसारामला कळलं. ती केव्हा गेली? त्याच्या खांद्यावर ती गेली आणि त्याला पत्ता लागला नाही. याहून वाईट त्याच्या आयुष्यात काही झालं नव्हतं आणि होणारही नव्हतं.

त्याने गाडी वळवली आणि तिला घरी आणली. बायका धावल्या, तिला आत नेलं, रडारड सुरू झाली. मनसाराम चाकामागेच बसून होता. इंजिन चालू होतं. शेवटी कुणीतरी म्हणालं, "अरे बंद कर ना ते, बाप्पा." त्याने केलं नाही. हे इंजिन तिने चालू केलेलं होतं. तिच्या पायाने झालेलं एवढं एकच अजून जगात चालू होतं, आणि ते आपल्या हाताने बंद करायचं? देवकाबाई बाहेर आली, तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि लोकांनाच हाकललं. आत भागीरथाला आंघोळ घालत होते तेव्हा पेट्रोल संपलं. इंजिन दोनदा अडखळलं आणि आपणहून थांबलं. मग मनसाराम रडला.

"झाली थंडी," सुकलू ओरडला. गुणवंतराव उठले. मनसारामने मागून हँडल आणलं, समोर बसवलं. सुकलू टोपी सारखी करून आत चढला, चोक ओढला, ऐटीत म्हणाला, "मारा जी." मनसारामने फेरा मारला. इंजिन खोकलं आणि बसलं. पुन्हा मारला. पुन्हा खोकलं. दर खोकल्याबरोबर सुकलू जोराने पाय दाबत होता आणि मनसारामला ते बाहेरून समजत होतं, पण त्याऐवजी नेमकं काय करायचं ते त्याला सांगता येत नव्हतं. पेट्रोलचा वास सुटला. थांबून पुसापुशी करून पुन्हा प्रयत्न झाले, मनसारामची बंडी घामाने भिजली. गुणवंतराव हाताची घडी घालून पाहत होते. शेवटी त्यांनीच हात वर केला. "राहू द्या," ते म्हणाले. त्यांनी उपरणं टाकलं, खाली हात घातला. या वेळी मूठ धरली नाही. नुसती चार बोटं दाबली आणि सोडून दिली. "राग मानू नका, भाऊ. चालू न होनारी गाडी मी कोनाले विकू? टायर, स्प्रिंगा, ॲक्सल सुटे विकीन. बाकी तोडून भंगारात." त्यांनी हे वाईट मनाने म्हटलं नव्हतं. शेडच्या मागे अशी तोडलेली एक गाडी पडली होती, तिचं दार एकीकडे, बैठक एकीकडे, आतला पत्रा उघडा. मनसारामला ती गाडी सकाळपासून दिसत होती. त्याने तिच्याकडे पाहायचं टाळलं होतं.

"मी बसतो आत," तो म्हणाला. "मिस्त्री, तुमी हँडल मारा." आणि तो चाकामागे चढून बसला. इथे तो रोजच बसे, पण गाडी चालू झाल्यावर. समोर कुणीतरी हँडल मारतंय आणि आपण आत आहोत, असं या जागेवरून त्याने कधी पाहिलं नव्हतं. बॉनेटने सगळा सुकलू झाकला होता. दिसत होती फक्त त्याची टोपी. ती वर येई, दिसेनाशी होई, पुन्हा वर येई; मधेच लाल झालेलं तोंड, फुगलेले गाल, पुन्हा टोपी. पाण्यात बुडक्या मारणाऱ्या पाणकोंबडीसारखं. मनसारामला फसकन हसू आलं. आणि हसता हसता त्याला कळलं. एवढी वर्षं तिला हे दिसत होतं! आपलं टक्कल पडत चाललेलं डोकं, वर, खाली, वर, आणि तोंडात शिव्या. म्हणून हसत होती. आणि सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर आपण चिडलो असतो. चिडलोच असतो. तेवढ्यात इंजिन खोकलं. सवयीने नव्हे, तिच्या आठवणीने त्याने पाय उचलला. पूर्ण उचलला. एकदा तिनेच सांगितलं होतं, तो समोरून "दाब, दाब" म्हणून ओरडत होता तेव्हा: "तिले जरा दम तं घेऊ द्या ना जी." तो म्हणाला होता, "मोठी मिस्त्रीन आली." इंजिनाने दम घेतला, आणि मग त्याने पाय हळूच ठेवला. गाडी चालू झाली.

गुणवंतराव कान लावून ऐकत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर बैल दाताला पक्का निघाल्याचं समाधान होतं. "आवाज तं एकदम बरोबर हाये," ते म्हणाले. "मंग मघाशी काऊन नाई लागली?" "पायाचं काम हाये," मनसाराम म्हणाला. "असन. पन घेनाऱ्याच्या संगं मी तुमाले तं देऊ शकत नाई ना. आमच्या सुकलूले शिकवा. त्याच्या पायानं लागली तं भाव पुरा, पाचही बोटं. नाई लागली तं भंगार." बोलणं न्यायाचं होतं. मनसारामने किल्ली फिरवून गाडी बंद केली. अर्धवट तापलेली तर ही आणखीच रुसते, हे त्याला ठाऊक होतं.

त्याने सुकलूला आत बसवलं. चोक किती ओढायचा ते दाखवलं, टाच कुठे टेकवायची ते दाखवलं. सगळं दाखवलं आणि पाय उचलायचं तेवढंच सांगितलं नाही. समोर जाऊन हँडल मारलं. इंजिन खोकलं, सुकलूने दाबलं, बसलं. पुन्हा तेच. आणि मनसारामला लाज वाटावी इतका आनंद झाला. नाही लागत ना? नाहीच लागणार. तिच्यावाचून नाही लागणार. लागली तर आपल्याला, कारण आपल्याला तिने सांगितलं. जाऊ द्या ती हिरवी गाडी, जाऊ द्या धंदा. तो सरळ उभा राहिला तेव्हा त्याची नजर शेडमागे गेली. तिथे ते दार पडलं होतं, ती बैठक पडली होती, आणि लोखंडाचा एक ढीग, त्यात पॅडल कुठलं आणि काय कुठलं हे कुणालाच सांगता आलं नसतं. तिच्या पायाने घासलेलं ते पॅडलही यातच जाणार होतं. मग तो खिडकीशी गेला.

"खोकली का पाय उचलाचा," तो म्हणाला.

"उचलाचा? दाबाचा ना जी?"

"दाबाचा नाई. उचलाचा. पुरा. तिले दम घेऊ द्याचा. मंग हळूच ठेवाचा, नखानं दाबल्यावानी."

तो समोर जाऊन वाकला. हँडल धरलं. क्षणभर त्याने तसंच धरून ठेवलं. मग फेरा मारला. इंजिन खोकलं, गप्प झालं, एवढा वेळ गप्प राहिलं की त्याला वाटलं नाही लागणार, आणि मग ते नीट, न अडखळता चालू झालं. सुकलूने आतून हाळी दिली. त्याने गाडी बंद केली, पुन्हा मारायला लावली; पुन्हा लागली. मग शेडमधल्या एका पोऱ्याच्या हातात हँडल देऊन आणखी एकदा, मनसारामला नुसतं बाजूला उभं करून. तेव्हाही लागली. गुणवंतराव उपरणं घेऊन आले, मूठ धरली आणि पाचही बोटं दाबली, एकेक, मोजून. शेडमधली हिरवी गाडी पोऱ्याने बटण दाबून बाहेर काढली.

सुकलू उतरला तो टोपीने तोंड पुसत, खुशीत. "हे तं एकदम सोपं हाये जी," तो म्हणाला. "तुमाले कोनं शिकवलं?"

"आमच्या घरी, भागीरथानं."

"बायकोनं?" सुकलू हसला. "मंग त्याईलेच आनाचं होतं ना संगं. सकाळपासून फालतू मेलो ना हँडल मारून मी."

मनसारामने जुन्या गाडीची किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

"आता त्याईचं काम नाई राह्यलं," तो म्हणाला. "आता तुमाले येते."